रातले कितला जन?

कुणाच्याही दारात गेलं की आबा आधी डोळे मिटायचे. मग विचारायचे, "रातले कितला जन जेवतस?" रात्री या घरात किती माणसं जेवतात, एवढाच त्यांचा प्रश्न. उत्तर आलं की कमरेच्या पिशवीतले तेवढे मक्याचे दाणे खाकी सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि पुढच्या दाराकडे चालू लागायचे. माणसं मोजायची ही रीत कुठल्याही परिपत्रकात नाही. पण आबांची मोजणी कधी चुकल्याचं मी पाहिलं नाही.

मी सावद्याकडचा, केळीच्या बागांत वाढलेला. तलाठी म्हणून साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात बदली झाली तेव्हा चडफडतच आलो. आबा तिथले कोतवाल. कोतवाल म्हणजे महसूल खात्यातला सगळ्यात खालचा माणूस. पण खरं सांगू? माझे साहेब तेच होते. भिंतीला टेकून डोळे मिटले की त्यांचे ओठ हलायचे. मला वाटायचं, म्हातारा डुलक्या घेतोय. तसं नव्हतं. नदीच्या एका काठाने वर जायचं, दुसऱ्या काठाने खाली यायचं, असे ते तालुक्यातलं एकेक गाव मनात ओलांडत असायचे. मधेच ओठ थांबायचे.

"काय झालं, आबा?"

"आपला पाडा उना, भाऊसाहेब. यादीमा नही."

मनातल्या वाटेवर पाडा आला, पण गावांच्या यादीत तो नव्हता; कागदावर नदीपलीकडच्या मोठ्या गावात मोडायचा. रेशन पलीकडे, दाखला पलीकडे, आणि पावसाळ्यात मधे ही थोरली नदी! पाड्याला स्वतंत्र महसुली गाव करायचं, हे आबांचं आयुष्याचं वेड. त्याला ठरलेली लोकसंख्या लागते. ऊसतोडीला गेलेली माणसं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परततात, म्हणून आम्ही मोजणीला तोच दिवस धरला.

अहाहा, काय दिवस तो! झाडाझाडाला झोके. माहेरी आलेल्या लेकींची गाणी वरून खाली, खालून वर. सगळीकडे मोहाचा गोड वास. आबा डोळे मिटत, उघडत, दाणे टाकत पुढे. मी वही घेऊन मागे. ऊन असं सुस्त की आपण चालतोय की झोक्यावर बसलोय, तेच कळेना.

"आबा," मी म्हटलं, "झोक्यावरच्या या पोरीही धरू की! आकडा भरून वाहील."

आबा कधी नव्हे ते तापले. "त्या पाहुन्या शेतस! लेक दोन घरनी, पन मोजनी एकच घरमा."

एकाने हळूच सुचवलं, मागच्या वर्षी वारलेला म्हातारा धरा. आबा म्हणाले, "मरेल मानूस जेवस का?" लोक हसले. विषय संपला.

ऊन उतरताना आबांच्या ओट्यावर दाणे ओतले. मी दोनदा मोजले. दोन माणसं कमी! आयुष्यभराचं वेड, आणि दोन दाण्यांसाठी अडावं?

"तुमच्या घरचे किती धरलेत, आबा?"

"एक."

आत आबांची लेक भाकरी थापत होती. चार आखाजींपूर्वी लहानग्या मुलीला घेऊन ती माहेरी आली, ती परत गेलीच नव्हती. कुणी विचारलं की आबा म्हणायचे, "पाहुनी शे. जाई दोन दिनमा." चार वर्षं ते हेच म्हणत होते. तिला इथे मोजणं म्हणजे तिचं सासर तुटलं हे स्वतःच्या तोंडाने कबूल करणं. हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं.

लेक पिठाच्या हातांनी दारात आली. "आबा," तिने विचारलं, "आपला घरमा रातले कितला जन जेवतस?"

आबांनी डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. झोक्यांची गाणी चालूच होती. मग त्यांनी कमरेच्या पिशवीत हात घातला, दोन दाणे काढले आणि ढिगावर ठेवले.

"तीन," ते म्हणाले. मला तेव्हा त्यांच्याकडे बघवलं नाही.

आकडा नेमका भरला, ना एक कमी ना एक जास्त. प्रस्ताव गेला. आदेश यायला मात्र सरकारी वेळ लागला. दिवाळीच्या आधी आबा गेले आणि गावाच्या नावाची पाटी लागली त्यानंतर. आता त्या पाटीजवळ एसटी थांबते, कंडक्टर गावाचं नाव मोठ्याने ओरडतो. ते ऐकायला आबा हवे होते हो!

नव्या गावाची पहिली घरयादी करायला मीच गेलो. सुरुवात त्यांच्याच घरापासून केली. लेक चुलीपाशी भाकरी थापत होती. आबांसारखं विचारायचं असं ठरवलं नव्हतं. पण तोंडातून तेच निघालं.

"अक्का, रातले कितला जन जेवतस?"

"तीन," ती म्हणाली. आणि तिचा थापता हात थांबला.

मी काही लिहिलं नाही. वही मिटली आणि तिथेच ओट्यावर बसलो.