आधी फोटो, मग पाय

१८ मे. सकाळपासून रातांबे फोडत होते. कोकमाची ही फळं आमच्याकडे बायका अंगणात फतकल मारून फोडतात. मी उंच खुर्चीवर बसून, पाठीला पट्टा बांधून, टेबलावर फोडते. टेबल सुताराकडून माझ्या कोपराच्या उंचीचं करून घेतलंय. सुरुवातीला वाडीतल्या बायका ते बघायला यायच्या. आता त्यांना टेबलाची सवय झाली आहे आणि मला त्यांच्या बघण्याची.

उन्हं अंगणात आली तेव्हा शेजारच्या घरातून माझी धाकटी जाऊ आली. एक हात कमरेवर, दुसरा भिंतीवर. आरे-वारेच्या समुद्रावर येणाऱ्या पर्यटकांसाठी ती दोन खोल्या आणि जेवण चालवते. मे महिन्यात तिला बसायला वेळ नसतो. आंब्याची पेटी उचलून ओटीवर ठेवताना तिच्या पाठीत कट्कन वाजलं होतं. ती कशीबशी पायरीवर टेकली आणि पाठ माझ्याकडे केली.

"ताई, उसण भरलीय. पाय लाव जरा. बारा माणसं जेवायची आहेत."

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसाने दुखऱ्या पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी आमच्याकडे समजूत आहे. लग्न होऊन आल्यावर सासूबाईंना हे कळलं, तेव्हा त्यांना माझ्या शिक्षणापेक्षा त्याचंच कौतुक वाटलं. पुढे कितीतरी वर्षं वाडीतली माणसं माझ्यापुढे पाठी धरत आली. मी पायाचा अंगठा तीनदा टेकवायची, ती चहा घेऊन जायची. बहुतेकांना बरं वाटायचं. उसण काय, दोन-चार दिवसांत अशीही उतरते.

दोन वर्षांपूर्वी मी झाडाखाली पडलेला फणस उचलला आणि माझ्याच पाठीत कळ आली. सगळ्यांचं मत एकच पडलं: उसण. माझा पाय माझ्या पाठीला पोचणार नव्हता, म्हणून खालच्या वाडीतल्या दुसऱ्या पायाळूला बोलावलं. गृहस्थ मोठ्या मनाचा. त्याने पाय टेकवला नाही, चांगली लाथ घातली. मी उठले नाही. मला उचलून रत्नागिरीला नेलं. तीन मणके दबलेले निघाले.

डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झाली आहेत आणि तीही फार. गर्भाशयाची पिशवी अंडाशयांसकट तरुणपणीच काढली होती, तेव्हापासून हाडं आतून पोकळ होत चालली होती. कोणता मणका फणसाने गेला आणि कोणता लाथेने, हे त्यांना सांगता आलं नाही. मी विचारायचं सोडून दिलं. तो अख्खा पावसाळा पलंगावर गेला. कूस बदलायची तर कुणाला तरी हाक मारावी लागे. नवरा बोटीवर असतो, त्यामुळे ती हाक जावेलाच. उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की उंची कमी झालीय, सगळे परकर जमिनीला लागतायत. ते दुमडून शिवून घेतले. रोज स्वतःच्या हाताने पोटात इंजेक्शन घ्यायला शिकले. चालायला लागल्यावर व्यायाम सुरू झाला: ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं. तो कंटाळवाणा आहे. मी तो चुकवत नाही.

तर जावेने पाठ पुढे केली आणि मी तिला विचारलं, नेमकं कुठे दुखतंय. तिने बोट ठेवलं ते बाजूला नव्हे, बरोबर मधे, मणक्यावर. तिचीही पिशवी माझ्यासारखीच लवकर काढलेली. हात पुसून मी सुरी खाली ठेवली.

"पाय नाही लावणार. आधी पाठीचा फोटो काढायचा, एक्स-रे."

ती भडकली. माझ्या पायाला हल्ली भाव आलाय, म्हणाली. वाडीभर फुकट लावत हिंडलीस, घरच्या माणसाला मात्र फोटो.

"तुला झालं म्हणून काय सगळ्यांना होतं काय गो ताई?"

"तुला झालं तर मला कूस कोण बदलून देणार?" मी म्हटलं. ती हसली नाही. हसताना दुखत असणार.

तेवढ्यात दीर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोटरसायकलची किल्ली काढली. वहिनी लावत नसतील तर राहिलं, खालच्या वाडीतून त्याला घेऊन येतो, पंधरा मिनिटांचं काम. माणूस वाईट नाही. बारा जणांचं जेवण डोक्यावर असलेला माणूस होता. पण ती लाथ तिच्या पाठीवर बसली तर काय होईल ते मला दिसत होतं. मला झटकन उठता येत नाही. तरी ते गाडीपर्यंत पोचायच्या आत मी गाडीपुढे जाऊन उभी राहिले.

"भावजी, त्याला आणा खुशाल. पण पहिली लाथ मला घालायला सांगा."

त्यांनी किल्ली खिशात टाकली. दोन वर्षांपूर्वी मला उचलून गाडीत घालणारे तेच होते. माझं ओरडणं त्यांनी ऐकलंय.

जाऊ मात्र हटेना. शेवटी तिनेच सौदा केला. फोटो काढते, पण आल्यावर तू पाय लावायचास. मी कबूल केलं. पाहुण्यांना फोन करून सांगितलं, दुपारचं बाहेर जेवा. तिला दिरांच्या मोटारीच्या मागच्या सीटवर कुशीवर निजवलं, पाठीशी उशा लावल्या, मी पुढे बसले आणि दिरांना बजावलं की प्रत्येक गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवायची. त्यांनी ती इतकी हळू नेली की मागून येणारे रिक्षावाले शिव्या देऊन पुढे गेले.

फोटोत एक मणका पुढच्या बाजूने दबलेला दिसला. एकच, आणि तोही थोडा. डॉक्टरांनी मला ओळखलं.

"कुणी पाय नाही ना लावला?" त्यांनी विचारलं.

"ही लावतच नाही," जाऊ तक्रारीच्या सुरात म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, पट्टा बांधायचा, हाडांची तपासणी करून औषध सुरू करायचं. थोडे दिवस विश्रांती, मग हळूहळू हिंडायला हरकत नाही. पावसाळाभर पलंग नाही. मी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मला जिंकल्यासारखं वाटलं आणि ते मी अजिबात लपवलं नाही. गाडीत बसताना म्हटलं, "बघितलंस?"

"बघितलं," ती म्हणाली. "आता पाय."

संध्याकाळी ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून कुशीवर निजली आणि वाट बघत राहिली. शब्द दिला होता, सुटका नव्हती. अडचण एवढीच की पलंग उंच होता आणि पाय तिथपर्यंत न्यायचा तर मला दुसऱ्या पायावर उभं राहावं लागणार होतं. दिरांनी हात पुढे केला. मी नको म्हटलं. पट्टा घट्ट केला, पदर खोचला आणि पाय उचलला. अंगठा तिच्या पाठीला लागतो न लागतो इतका टेकवला. एकदा. दोनदा. आता आणखी एखादा मणका जाणार असेल तर तो माझाच, असं मनात आलं, पण पोटरी हलली नाही. तिसऱ्यांदा टेकवून पाय खाली आणला, तेव्हा मी कशालाही धरलेलं नव्हतं. पलंगावर पडलेली असताना कुणी मला हे सांगितलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं.

"उतरली," जाऊ भिंतीकडे बघत म्हणाली.

"काय उतरली? मणका मोडलाय तुझा."

"तो राहू दे मोडलेला. उसण उतरली."

डॉक्टरांनी दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं होतं, तो विषय मी काढला नाही. रात्रीच्या जेवणाला मी आणि दिरांनी मिळून खिचडी टाकली आणि पाहुण्यांनी ती निमूट खाल्ली.

१९ मे. सकाळी मी तिच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. जमिनीवरचे डबे, पातेली, तांदळाचं पिंप, सगळं दिरांकडून कमरेच्या उंचीवर चढवून घेतलं. आतून जाऊ ओरडत होती की तिच्या वस्तू तिला सापडणार नाहीत. मग बिड्याचा तवा तापत ठेवला आणि बारा माणसांची घावणं उभ्याने काढली. पीठ जाड झालंय, असं ती पलंगावरून न बघता म्हणाली. बरोबर होतं. पाणी हवं होतं आणि भरलेली कळशी मला उचलायची नव्हती, म्हणून मी दिरांना हाक मारली.