विंचचे चार बोल्ट

आमच्या साडूंइतका सावध माणूस त्या काळच्या अख्ख्या चांदा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि झाला असलाच तर तो अजून उंबरा ओलांडावा की नाही याचा विचार करत घरातच बसला असेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. सिंदेवाहीपासून आत, जंगलाला लागून त्यांचं गाव. घरची धानाची शेती आणि जोडीला बांबूचा ठेका. अक्काला पाहायला ते चिमूरला माझ्या सासुरवाडीत इतक्यांदा येऊन गेले की शेजारपाजारच्यांना वाटलं, लग्न कधीच उरकलं आणि जावई आता सणावाराला येतोय. तळ्यातला मासा ताटात पडला की ते काटे काढायला बसत, आणि सगळे काटे निघाल्याची खात्री पटेपर्यंत बाकीची पंगत हात धुऊन सुपारी कातरत असायची. सगळे त्यांना हसत. हसल्या नाहीत त्या फक्त माझ्या सासूबाई. मुलगी देताना त्या म्हणाल्या होत्या, "जो मानूस एवढं पाहून घेते, तो मंग टाकून नाई देत." साडू हे वाक्य आम्हाला वरचेवर ऐकवायचे, आणि ऐकवताना त्यांचा चेहरा शाबासकी मिळालेल्या पोरासारखा व्हायचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या जीपगाड्या नागपूरकडे विकायला निघाल्या, त्यातली एक त्यांनी आणली. म्हणजे त्यांच्याआधी सगळ्यांनी आणून झाल्या आणि जी कोणी उचलली नव्हती ती यांनी आणली. पण गाडी गुणी निघाली. जंगलात बांबू तोडायच्या कुपापर्यंत, गुडघाभर चिखलातूनही ती कुरकुर न करता जायची. अडचण एवढीच होती, की वाटेत ओढा किंवा नाला लागला की साडू खाली उतरत, धोतर खोचत, स्वतः पाण्यातून पलीकडच्या काठापर्यंत चालत जात, तिथून परत येत, आणि मग गाडी घालत. मागून निघालेल्या बैलगाड्या तोवर पुढे गेलेल्या असत. एकदा मी म्हटलं, "भाऊ, आपण तुमच्यासोबत पायीच निघालो असतो तर लवकर पोचलो असतो." ते रागावले नाहीत. म्हणाले, "पायी गेलो असतो तर गाडी काऊन घेतली?"

एवढं करूनही गाडी रुतलीच तर काय, म्हणून त्यांनी विंच आणला. लाकडाच्या एका बंद पडलेल्या डेपोतला हा हातविंच होता. दांडा फिरवला की पोलादी दोर गुंडाळून घ्यायचा. दोराचं टोक समोरच्या झाडाला बांधायचं, दांडा फिरवायचा, की गाडी स्वतःच स्वतःला चिखलातून ओढून काढणार. आता तो गाडीच्या तोंडाशी चार बोल्टांनी बसवायचा, एवढंच काम उरलं. सिंदेवाहीचे करीम मिस्त्री पाने घेऊन आले, भोकं पाडून झाली आणि त्यांनी खिशातून चार बोल्ट काढले. साडूंनी त्यातला एक उचलला, दगडावर आपटून कानाशी धरला आणि म्हणाले, हा नरम आहे.

तिथून जे सुरू झालं ते संपेना. नरम बोल्ट ओढ लागली की लांबतो, मग नट ढिला होतो. म्हणून कडक बोल्ट आणले. कडक बोल्ट वाकत नाही, पण तुटतो, आणि तुटताना आधी काही सांगत नाही. मधल्या जातीचे आणले तर ते भोकात किंचित हलायचे. साडूंचं म्हणणं, आज तांदळाएवढा हलला तर उद्या चिंचोक्याएवढा हलेल. जाड आणले तर भोक मोठं करावं लागणार, आणि भोक मोठं केलं तर कड बारीक राहणार. काही बोल्टांचे आटे अर्ध्यापर्यंतच होते, काहींचे पार डोक्यापर्यंत. आट्यांवर जोर आला तर बोल्ट तिथूनच जातो, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, कारण मोहाच्या झाडाला बोल्ट अडकवून, दुसऱ्या टोकाला सागाचा ओंडका बांधून त्यांनी रेड्यांकडून तो ओढवला होता. गावातली माणसं हा खेळ पाहायला विड्या घेऊन येऊन बसत. मिस्त्री आधी हसले, मग वैतागले, शेवटी नुसते चहा पिऊन जायला लागले. "भाऊ, जीप ओढाची हाय, पहाड नाई ओढाचा," असं ते एकदा म्हणाले, तर साडूंनी पहाड ओढायची वेळ आली तर काय, याचाच विचार सुरू केला. विंच पडवीत पडून राहिला. अक्का त्यावर पापड वाळत घाली. वर्ष गेलं, दुसरं लागलं, साडू बोल्ट पाहतच होते.

अशात एका भादव्यात सासूबाई आजारी पडल्या. मी तेव्हा चिमूरलाच मास्तर होतो. डॉक्टरांनी मान हलवली आणि सासूबाई शुद्ध आली की एकच विचारायच्या, थोरली आली का. मी मोटारीने सिंदेवाहीला आणि तिथून चालत साडूंच्या गावी गेलो. निरोप ऐकला तसे ते भरल्या ताटावरून उठले. त्या दिवशी त्यांनी कशाचा विचार केला नाही. अक्काने लुगडंही बदललं नाही. आम्ही तिघं निघालो.

दोन दिवसांच्या पावसाने नाला तांबडा झाला होता, पण पाणी मांडीच्या वर नव्हतं. साडू सवयीने उतरले, चालून पलीकडे गेले, परत आले. तळ घट्ट आहे म्हणाले. तो माणसाला घट्ट होता. गाडी मध्यावर गेली आणि पुढची चाकं गाळात बसली. मागेपुढे करू तशी ती आणखी बसत गेली. समोरच्या काठावर अर्जुनाचं एक झाड होतं, जाडजूड, सरळ, दोर सहज पुरेल एवढ्या अंतरावर. तिघांनीही ते पाहिलं. अक्काने पदर तोंडाशी धरला.

मी बैलांसाठी जवळच्या वस्तीवर गेलो. बैल चरायला जंगलात गेलेले, माणसं निंदणाला पांगलेली. जोड्या गोळा होऊन गाडी बाहेर पडेस्तोवर ऊन उतरलं होतं, आणि चिमूरला पोचलो तेव्हा घराघरांत दिवे लागत होते. सासूबाईंच्या दारात माणसं जमलेली लांबूनच दिसली. सासूबाई दुपार कलताच गेल्या होत्या. माझी बायको अक्काच्या गळ्यात पडून सांगत होती, की आईने शेवटपर्यंत दाराकडे मान वळवलेली होती. साडू चिखलाच्या पायांनी अंगणातच उभे राहिले. मी आत चला म्हटलं. ते म्हणाले, "पाय भरले हाये," आणि तिथेच उभे राहिले.

तेरावं झाल्यावर त्या दोघांना पोचवायला मी त्यांच्या गावी गेलो. अक्का पडवीत तांदूळ निवडायला बसली होती. साडूंनी आतून बोल्टांनी भरलेलं सूप आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं. इतक्या दिवसांत जमवलेले सगळे होते त्यात. खालच्या आवाजात म्हणाले, "तू सांग. कोनते लावू?"

अक्काने निवडायचं थांबवून सुपाकडे पाहिलं. मग म्हणाली, "कोनतेही लावा. त्या दिवशी कोनतेही चालले असते."

तिच्या आवाजात राग असता तर साडूंना बरं वाटलं असतं. राग नव्हता. ती पुन्हा तांदळातले खडे वेचू लागली. साडूंनी सुपातून हाताला लागले ते चार बोल्ट उचलले, आणि दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींनी विंच बसवून दिला. पुढे कित्येक पावसाळे त्या विंचने कोणाकोणाच्या गाड्या, बैलगाड्या, एकदा तर वऱ्हाडाची अख्खी मोटार चिखलातून ओढून काढली. चार बोल्टांपैकी एकही कधी ढिला झाला नाही. लोक कौतुक करायला लागले की साडू तिथून निघून जात.

त्यांच्याकडची माझी शेवटची फेरी वैशाखातली. मी आणि ते सिंदेवाहीच्या बाजारात गेलो होतो. एक बाई आंब्यांची पाटी घेऊन बसली होती. साडूंनी पिशवी उघडून धरली आणि तिला भरायला सांगितलं. तिने वरचे चांगले, खालचे डागी, सगळे सरसकट भरले. त्यांनी एकाचा वास घेतला नाही की एक दाबून पाहिला नाही. पिशवी उचलून ते चालू लागले. मी मागे चालत होतो आणि मला फार वाटत होतं, त्यांनी थांबावं, उकिडवं बसावं, एकेक आंबा हातात घेऊन फिरवत राहावं. ऊन कितीही चढलं असतं तरी मी उभा राहिलो असतो.