करवलीच्या हातची हळद

रामभाऊ, गुडघा काय म्हणतो? शकूताई, खोकला थांबला का? बाकी मंडळी बरी असाल.

आज परळीत पुतण्याची हळद होती. त्याची सख्खी बहीण सुनंदा करवली, पण हातावरच्या पांढऱ्या डागांमुळं ती मागंच बसली होती. मी तिला पुढं बोलावलं, तर माझ्या नणंदबाई म्हणाल्या, "नगं. पोराला कोड उठंल."

"वन्सं, तिच्या डॉक्टरांनी मला समजावलंय," मी म्हणाले. "पेशीत बारकी वीजघरं असत्यात, मायटोकॉन्ड्रिया म्हणत्यात त्यांना. ती बिघडली की आपल्या थर्मल वीजकेंद्रावानी वीज कमी अन् धूर जास्त. त्यानं रंग करणाऱ्या पेशी कोमेजत्यात. कोडाचं हे एक कारण हाय. शिवल्यानं ते लागत न्हाई."

"लई शिकलीस गं मोबाईलवर."

तेवढ्यात नवरदेवच बोलला, "आत्या, आतोबा थर्मलातून राखेनं माखून यायचे, तवा त्यांना ताट वेगळं वाढलंस का? ताई, ये. तू लावल्याबिगर मी उठत न्हाई."

 मग हळदीची वाटी वन्संनीच सुनंदाकडं सरकवली.

तुमच्याकडं हळदीला कुणी मागं बसतं का? लवकर लिहा, वाट बघते.