मागच्या दिव्याला चिठ्ठीच नाय

बायांनो, आज लई मजा झाली. सून कम्प्युटरवर आमच्या नव्या घराचा नकाशा करत होती. तिनं एक बटण दाबलं अन् नकाशातल्या दिव्यांना नंबराच्या चिठ्ठ्या चिकटल्या.

"मम्मी, झालं! पाठवते वायरमनला."

"थांब जरा! मला इंग्रजी येत नाय, पण घरातलं काम कळतं."

पहाटे उठून मी जशी फिरणार, तसं स्क्रीनवर बोट फिरवलं. आधी दार, मग ओटा, मग मागं भांडे घासायची जागा. तिथल्या दिव्याला चिठ्ठीच नव्हती!

सून म्हणली, "अगं बाई! चिठ्ठी नाय तर वायरमन तो दिवा लावणारच नाय."

"मग अंधारात तुझा नवरा घासणार होता का भांडे?"

हसत हसत तिनं चिठ्ठी लावली.

तुमच्या घराचा नकाशा तुम्हाला कुणी दाखवला होता का गं? का नुसता भिंतीचा रंग विचारला?