माझ्या रविवारात आलेला पावणा

गाडी उंचवट्यावरून हवेत गेली की हा माणूस श्वास रोखून धरायचा. गाल फुगलेले, टाचा उचललेल्या, हातात रिमोट. गाडीची चारही चाकं मातीला टेकली की फुस्सकन हवा सोडायचा आणि म्हणायचा, "आली माहेराला!"

गाडी केवढी म्हणाल, तर बुटाच्या खोक्याएवढी. आणि माणूस केवढा, तर त्यानं टाचा उचलल्या की आम्ही ज्या जुन्या ट्रॉलीवर उभे राहायचो ती ट्रॉलीच कुरकुरायची. शिरोळकडचा ऊसवाला गडी. बोटात अंगठ्या, पायात करकरणारं पायताण, आवाज असा की पलीकडच्या प्लॉटवरचे गवंडी काम थांबवून बघायचे. सगळे हसायचे. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता. मी मात्र हसायचो नाही. मी जळायचो. आणि का जळू नये? रविवार माझा होता.

ऐका कसा ते. माझं औषधाचं दुकान. आठवडाभर लोकांचे खोकले आणि ॲसिडिट्या ऐकायच्या, रविवारी सकाळी शटर बंद. मुलीसाठी म्हणून रिमोटवरची गाडी आणली, मातीत पळणारी, खडबडीत टायरांची. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हीच खेळा." मग मीच खेळलो. सलीमला दाखवली, त्यानंही घेतली. सलीम म्हणजे पाचवीपासून माझ्या बाकावरचा. कोल्हापुरात शाहूपुरीत त्याचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान. कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या पलीकडं नवे प्लॉट पडलेत, त्यातला एक माझ्या मेहुण्याचा. तिथं माती ओढून वळणं केली, उंचवटे केले, कडेला जुने टायर रोवले. चित्रकलेचे एक रिटायर सर शिट्टी घेऊन येऊ लागले. होता होता सहा-सात जण झालो. जागा माझी, कल्पना माझी, पहिली गाडी माझी. फुशारकी मारत नाही, खरं तेच सांगतोय.

आणि मग हा आला. जीपला सीटकव्हर घालायला सलीमच्या दुकानात गेला, तिथं काउंटरवर गाडी बघितली. "ह्ये काय खेळणं हाय, पावणं?" सलीमनं दाखवलं. वर आमंत्रणही देऊन टाकलं, या रविवारी म्हणून. मला विचारलं नाही. एक फोन करायचा होता, काय बिघडलं असतं? रविवारी मी जाऊन बघतोय तर हा ट्रॉलीवर उभा, आणि सलीम त्याला रिमोट कसा धरायचा ते शिकवतोय. माझ्याकडं बघून म्हणतो, "या पावणं, या! जागा हाय भरपूर." माझ्याच मेहुण्याच्या प्लॉटवर मलाच या म्हणतोय!

सगळ्यांना पावणं म्हणायचा, म्हणून आम्हीही त्याला पावणं म्हणू लागलो. नाव माहीत होतं, पण कुणी घेतलं नाही कधी.

पुढच्या रविवारी स्वतःची गाडी घेऊन हजर. तिसऱ्या-चौथ्या रविवारी मला हरवलं. बरं, काही अभ्यास? शून्य. मी मोटर बदलली, टायर बदलले, पुण्याहून स्प्रिंगा मागवल्या. हा गाडी जीपमधून काढायचा, फू फू करून धूळ उडवायचा आणि शर्यतीला लावायचा. मी एकदा विचारलंच, "पावणं, स्प्रिंग कुठली वापरताय?" तर म्हणाला, "आत स्प्रिंग असती व्हय?" लोक खो खो हसले. आजही मला कळलेलं नाही, तो गंमत करत होता का खरंच विचारत होता.

येताना जयसिंगपूरचं भडंग आणायचा, पिशवीभर. त्याच्या आधी मी बिस्किटं न्यायचो, चांगल्यातली. पावणा आल्यापासून माझ्या पुड्याला कुणी हात लावला असेल तर शपथ. एकदा तो पुडा तसाच घरी आला तेव्हा बायको म्हणाली, "तुम्हीही भडंग न्या की." तिच्याशी दोन दिवस नीट बोललो नाही.

हरण्याचं एक वेळ सोडा हो. खेळ म्हटला की हार आलीच. मला खरा डंख सलीमचा होता. सलीमचं हसू म्हणजे मांडीवर थाप मारून, डोळ्यात पाणी येईतो. ते हसू शाळेपासून माझ्या मालकीचं. मी काही बोललो की सलीम हसणार, हे ठरलेलं. आता मी काही बोललो तर "हां" म्हणायचा आणि पावण्याकडं बघायचा. पावणा नुसता शिंकला तरी ह्याची मांडीवर थाप. एकदा मी स्पष्ट म्हटलं, "सलीम, लेका, एवढं काय आहे रे त्याच्यात?" सलीम म्हणाला, "काय न्हाय रे. बरं वाटतंय त्याच्याजवळ." आता ह्याच्यावर माणसानं काय बोलावं?

मग मी ठरवलं, ह्याला एकदा तरी हरवायचा. साध्या रविवारी नव्हे, फेट्याच्या रविवारी.

ही आमची पद्धत. दसऱ्यानंतरच्या रविवारी मोठी शर्यत, आणि जिंकेल त्याला सर स्वतः फेटा बांधायचे. नवा कोरा, तुरा काढून. फेटा बांधून बावड्यातनं मोटरसायकलवर मिरवत घरी जायचं. पावणा आल्यापासून दोन वर्षं फेटा शिरोळला गेला. मी दोन वर्षं टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या, मी जळतोय असं कुणाला वाटू नये म्हणून.

तिसऱ्या वर्षी मी पुढं होतो. खरंच पुढं होतो, पुरा अर्धा फेरा. शेवटचा फेरा चाललेला, पावणा मागं, बाकीचे त्याच्याही मागं. आणि कारखान्याकडच्या वळणावर माझी गाडी उंचवट्यावर आडवी पडली आणि उलटी झाली. चारही चाकं वर, गरगर फिरतायत.

आता आमचा नियम असा, की शर्यतीतल्या माणसानं ट्रॉली सोडायची नाही. उलटलेली गाडी सरळ करायला वळणावर एकजण उभा असतो, जो त्या शर्यतीत नाही तो. त्या वळणावर होता सलीम. आणि सलीमची पाठ माझ्या गाडीकडं. तो पावण्याची गाडी येताना बघत होता! मी ओरडलो, "सलीम! अरे गाडी!" त्याला ऐकूच गेलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. फेटा गेला, आणि तो माझ्याच दोस्तानं घालवला.

एवढ्यात ट्रॉली हलली. बघतोय तर पावण्यानं आपली गाडी मध्येच थांबवली, रिमोट सरांच्या हातात कोंबला, आणि उडी मारून पळत सुटला. तो देह, ते पायताण, धोतराचा सोगा एका हातात. टायर ओलांडून गेला, माझी गाडी सरळ केली आणि तिथूनच ओरडला, "हाणा पावणं, हाणा!"

मी हाणली. जिंकलो. सरांनी फेटा बांधला.

आणि कुणाचं लक्ष होतं? सगळे त्याच्याभोवती. सलीमनं फोटो काढला त्यात पावणा मधोमध, धुळीनं माखलेला, आणि मी कडेला. माझ्या तुऱ्याचं टोक फोटोबाहेर. महिनाभर बावड्यात एकच गोष्ट, शर्यत सोडून पळणाऱ्या पावण्याची. जिंकलं कोण, हे माझ्या दुकानात गोळ्या घ्यायला येणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. मी सांगायचो, "अहो, मी जिंकलो ती." तर म्हणायचे, "असं व्हय? पण तो माणूस मोठ्या मनाचा."

मी त्याला गाठून विचारलं, "पावणं, कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" रागानं विचारलं. तो पायताणातली माती झटकत म्हणाला, "पडलेल्याच्या पुढनं जायला काय गंमत हाय? तुम्ही पळताना गाठायचं हाय मला." आणि माझ्या पाठीत एक थाप. जिंकूनही पाठीत थाप त्याचीच.

फेटा मी सोडला नाही. बांधलेला तसाच, डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवला. माझा होता तो.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी पावणा आला नाही. मला आनंद झाला, उगाच कशाला लपवू. तीनही शर्यती मी जिंकलो. भडंग नव्हतं म्हणून लोकांनी बिस्किटं खाल्ली. संध्याकाळी सरांचा फोन आला. कुणाच्या तरी स्टेटसला पावण्याचा फोटो होता, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. पहाटे झोपेतच गेला होता.

मातीला पोचलो नाही. रक्षाविसर्जनाला सलीम आणि मी गेलो. कृष्णाकाठी उसाच्या मधोमध घर, दारात मांडव, माणसं बसलेली. ओट्यावर हार घातलेला फोटो. कपाळाला आठी, ओठ घट्ट मिटलेले. सलीम माझ्या कानात म्हणाला, "आरं, ह्यो आपला पावणा न्हाय. दुसऱ्याच्या घरात आलो काय आपण?"

थोड्या वेळानं आम्हाला आत बोलावलं. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. आम्ही हात जोडले.

"तुम्ही कोल्हापूरचं? गाड्यांचं?"

"होय वहिनी."

तिनं हातानं आम्हाला बसायची खूण केली. मग म्हणाली, "भावजी, येक इचारू? त्ये तुमच्यात बोलायचे व्हय?"

आम्हाला कळेना.

"घरात त्येंच्या तोंडातनं शबूद निघायचा न्हाय. जेवाण वाढ, मोटर चालू कर, संपलं. लगीन झाल्यापासनं असंच. आन रविवार आला की आंघोळ काय, अत्तर काय. म्या म्हणलं, हेंनी दुसरं घर केलंय कोल्हापुरात. दिराला पाठवलतं मागावर. त्यो येऊन सांगतोय, खेळण्यातल्या गाड्या पळवत्यात आन पोट धरून हसत्यात. बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या. गाड्यांशी काय भांडू? तुमचा लय राग यायचा बघा मला."

मी मान हलवली. राग कसा येतो ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"हसायचे कसं त्ये? येकदा सांगा की."

मी सलीमकडं बघितलं. सांगायचा हक्क त्याचा होता. पण सलीमनं तोंडात रुमाल धरला होता. मग मी सुरुवात केली. आणि सांगू लागलो तर काय, थांबेचना. हसताना आधी आवाज यायचा नाही, नुसतं पोट हलायचं, मग शिट्टीसारखं काहीतरी निघायचं. वळण आलं की उजवा कान पिळायचा, स्वतःचाच. हरायला लागला की मिशीचा एक केस दातात धरायचा. खूश झाला की अंगठी काढून दुसऱ्या बोटात घालायचा. चहा पिताना पहिला घोट मातीवर सांडायचा आणि ट्रॅकला म्हणायचा, "घे बाई, तू पण घे." सलीमही ऐकत बसला. हे त्यालाही माहीत नव्हतं. मला माहीत असणारच. इतके रविवार मी दुसरीकडं बघितलंच नव्हतं.

ती पुढं सरकून बसली. पदर तोंडाला लावून हसली. बाहेरच्या बायका दारातून डोकावल्या, पण ती थांबली नाही. "अजून सांगा," म्हणाली.

मग मी शेवटची फेट्याची शर्यत सांगितली. पुढची गाडी उलटी झाली, ह्यांनी ट्रॉलीवरनं उडी मारली, धोतराचा सोगा धरून कसे पळाले ते उठून दाखवलं. ती डोळे पुसत हसत होती.

"आन मग? जिंकलं कोण?"

"ते," मी म्हटलं. "तेच जिंकले, वहिनी. सरांनी फेटा बांधला त्यांना."

सलीमनं झटकन माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

ती उठली, कपाट उघडून आत बघू लागली. "फेटे हायेत की दोन. म्या म्हणलं, कुठल्या लग्नातलं असतील." तिनं दोन्ही बाहेर काढून मांडीवर ठेवले, त्यांच्यावरून हात फिरवला. मग मान वर केली.

"ह्यो तिसरा कुठाय मग?"

"माझ्याकडं राहिलाय," मी म्हटलं. "रविवारी आणून देतो."