मानुकाचा मध आणि पट्टीमामांचं नाक

पट्टीमामा जखम आधी हुंगत आणि मग पाहत. बाबांच्या पायावरची जुनी पट्टी सोडवली की ती थेट नाकाशी. पहिल्या दिवशी मला शिसारीच आली. "अहो मामा, हे काय भलतंच!" मी ओरडलो. ते आपले शांत. "डोळा फसवते भाऊ," म्हणाले, "नाक नाही फसवत. वास वाढला का समजाचं, आत काहीतरी बिघडून राहिलं."

धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं ड्रेसिंगचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर घरोघरी जाऊन पट्ट्या बदलायचे, म्हणून सगळ्यांचे पट्टीमामा. पायाला भिंगरी लावलेला माणूस. बसा म्हटलं तर बसायचे नाहीत, चहा उभ्यानंच, बशीत ओतून, दोन घोटांत. आणि अशा माणसाचे हात जखमेला लागले की इतके सावकाश चालायचे, की बघणाऱ्यालाच घाई सुटावी. मला तर सुटायचीच. "अजून किती दिवस?" हा माझा रोजचा प्रश्न आणि त्यांचं रोजचं उत्तर, "जखमेले घाई नसते, घरच्याईले असते."

का नसावी घाई? बाबांना शुगर. नवी चप्पल करंगळीजवळ घासली, फोड आला, फुटला आणि दीड महिना झाला तरी जखम भरेना. गांधीबागेतलं आमचं कापडाचं दुकान पहिल्या मजल्यावर. चाळीस वर्षं तो जिना चढलेला माणूस पलंगावर पडून मलाच विचारायचा, "पाय राहील ना रे माझा?" ओळखीतल्या एकाचा पाय गुडघ्याखाली कापलेला त्यांनी पाहिला होता. मी दुकानात गिऱ्हाईक समोर बसवून मोबाइलवर जखमांचे उपाय वाचत राहायचो. जीव नुसता टांगणीला लागलेला.

अशात न्यूझीलंडहून सुनंदाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिकडे मानुका नावाचं झुडूप असतं, त्याच्या फुलांचा मध जखमेवर लावतात, दवाखान्यांतसुद्धा. बाबा म्हणाले, "मनुकांचा मध? तिथल्या माश्या काय किराणा दुकानात जातात?" तिनं ओळखीच्या बाईंबरोबर खोकंच धाडलं. खास जखमेसाठी शुद्ध केलेला, ट्यूबमध्ये भरलेला मध. किंमत ऐकून मी खालीच बसलो. तेवढ्यात आमचा दोन महिन्यांचा किराणा आला असता. पण खरं सांगतो, किंमत ऐकूनच माझा विश्वास बसला. एवढं महाग म्हणजे काहीतरी असणारच! भावावरून माल ओळखणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही कापडवाले मनातल्या मनात हसतो. आणि इथे मीच तसला गिऱ्हाईक झालो.

मामांनी ट्यूब उलटीसुलटी करून पाहिली. "मध वाईट नाही. आमच्या वेळी तं साखर भरत होते जखमेत, तेही काम करे. पन हे साफ जखमेचं काम आहे. रक्तच पोचत नसन, तं वरून अमृत लावून काय होते?"

"तुम्ही लावा तर खरं. पण मामा, फार महागाचं आहे, एक थेंब वाया जाऊ देऊ नका," मी म्हणालो. त्यांनी लावला.

आणि काय सांगू! आधी पट्टी सोडवताना कापड जखमेला चिकटायचं आणि बाबा कळवळायचे. आता ते अलगद निघायला लागलं. तिसऱ्या दिवशी तर वासही गेला. खोलीतली उदबत्ती आम्ही बंद केली. मी सुनंदाला फोटो पाठवले, बाजारात चौघांना मानुकाचं माहात्म्य ऐकवलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला तर होडीच मिळाली होती.

चैन नव्हतं ते फक्त मामांना. पट्टी हुंगायचे, बाजूला ठेवायचे, पुन्हा उचलून हुंगायचे. गुरुवारी चहा अर्धाच टाकून गेले आणि संध्याकाळी न बोलावता परत हजर. "सहजच, इकडून जाऊन राहिलो होतो." बाबांच्या पावलावर उलटा हात ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. शुक्रवारीही तेच. त्यांचं ते घुटमळणं मला बघवेना. मी विचारलं, "मामा, वास तर गेला, आता काय झालं?"

"तेच तं," ते म्हणाले. "काहून गेला?"

शनिवारी त्यांनी नवी पट्टी नीट बांधलीही नाही, नुसती गुंडाळली. "भाऊ, मधानं वास दाबला. वरून साफ दिसते, पन काकाजीचे दोन बोटं थंड पडून राहिले. रक्त येऊन नाही राहिलं. आत्ताच दवाखान्यात चला."

मी भडकलो. खोक्यात अजून निम्म्या ट्यूब शिल्लक होत्या. गुण येतोय तर मध्येच का सोडायचं? सोमवारपर्यंत बघू, म्हणालो. एवढ्या दिवसांत कधी आवाज न चढवलेला माणूस माझ्यावर ओरडला, "अबे, ट्यूब वाचवाची आहे का पाय?"

गेलो. नस तुंबली होती. डॉक्टरांनी ती मोकळी केली, पाय वाचला, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. डॉक्टरांनी मधाला नावं ठेवली नाहीत. वरच्या जखमेला ठीक आहे, म्हणाले. फक्त एवढंच, की दोन दिवस आधी आला असता तर बोटं कदाचित राहिली असती. ते 'कदाचित' माझ्या डोक्यातून जाईना. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता आठवायचं आणि मी मीटरचा हिशोब चुकायचो. सगळा राग मनातल्या मनात मामांवर काढायचो. एवढं मोठं नाक, आणि ऐन वेळी कसं चुकलं?

पुढचे तीन महिने पट्टी मामांनीच केली. जखम भरली. बाबा काठी टेकत दुकानाचा जिना चढले आणि वर पोचल्यावर थेट आपल्या गादीवर जाऊन बसले. मामांनी काम सोडून खाप्याला लेकीकडे कायमचं जायचं ठरवलं होतं. शेवटच्या दिवशी फाटकाशी मला राहवलं नाही. "मामा, खरं सांगा. तुम्हाला शनिवारीच कळलं?"

लुना स्टँडवरून काढता काढता ते थांबले. "नाही भाऊ. गुरुवारीच हाताले थंड लागलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही ट्यूब हाती देताना म्हणाले होते, मामा, फार महागाचं आहे, एक थेंब वाया जाऊ देऊ नका. मग मी कसं म्हनू, का हे सगळंच वाया जाऊन राहिलं? वाटलं, एवढ्या किमतीचं आहे, तं माह्याच हाताले समजत नसन."

मला रडूच फुटलं. तीस वर्षं जखमा पाहिलेला हात, त्याला मी एका वाक्यात खोटं पाडलं होतं. "चुकलं माझं, मामा," मी म्हणालो.

"दोघायचंही चुकलं," ते म्हणाले. "पन बोटं तं काकाजीचे गेले."