दुपारी न तापणारा मायक्रोवेव्ह

त्या वर्षी दिवाळीच्या आधी सासूबाईंच्या पदराला गॅसवर आग लागली. मी ऑफिसात होते, नवरा बदलीमुळे नाशिकला. काचबिंदूमुळे त्यांना बाजूचं दिसत नसे, म्हणून पदर पेटलेला कळायलाच वेळ लागला. त्यांनी स्वतःच पिंपातलं पाणी ओतून घेतलं आणि संध्याकाळी मी घरी येईपर्यंत साडी बदलून, मनगटाला खोबरेल तेल लावून बसून राहिल्या. "थोडंसंच आहे," म्हणाल्या. थोडंसं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करू लागले आणि लायटर माझ्या कपाटात ठेवू लागले. महिन्याभरात आम्ही मायक्रोवेव्ह घेतला. गोखिवऱ्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा तो कुणाकडेच नव्हता. त्याला दोनच गोल बटणं होती. कुठवर फिरवायची तिथे मी लाल नेलपॉलिशने जाड रेघा काढल्या. आई, म्हणजे सासूबाई, आठवड्यात शिकल्या. साडेबाराला जेवण गरम करून त्या एकच्या बातम्यांसमोर जेवायला बसत, आणि मी चर्चगेटला निश्चिंत असे.

एप्रिलमध्ये एकदा त्या म्हणाल्या, "अगं, आज ते तापलंच नाही. दिवा लागला, ताट फिरलं, घंटी पण वाजली. आमटी होती तशीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी कपभर पाणी ठेवून पाहिलं. दीड मिनिटात वाफा आल्या.

"चालतंय की, आई."

"मग माझंच काही चुकलं असेल."

चारेक दिवसांनी त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तो रविवार होता. मी त्यांना समोर उभं करून बटणं फिरवायला लावली. त्यांनी बरोबर फिरवली, पाणीही तापलं. मी म्हणाले, "बघा. रेघ नीट दिसत नसेल घाईत." रेघा आणखी जाड केल्या. त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही. मला वाटलं, प्रश्न सुटला.

मे महिन्यात एका बुधवारी माझं डोकं इतकं चढलं, की अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी घरी आले. सव्वाबारा झाले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीत, ग्रिलच्या आत, उन्हात दोन स्टीलची भांडी झाकून ठेवलेली होती. एकात भाजी, एकात आमटी.

"हे काय, आई?"

त्या चोरी पकडल्यासारख्या उभ्या राहिल्या. "इथे ऊन चांगलं येतं. तासाभरात कोमट होतं सगळं."

"किती दिवस करताय असं?"

"झाले काही. तू दमून येतेस, रोज काय तेच सांगायचं."

मी कपात पाणी घेतलं आणि बटणं फिरवली. आत दिवा पिवळट लागला, ताट फिरलं, घंटी वाजली. मी पाण्यात बोट बुडवलं. गार होतं. मी आणखी तीन मिनिटं लावली. तरी गारच. महिनाभर त्या खरं बोलत होत्या आणि मी नेलपॉलिश लावत होते. मला तिथे उभं राहवेना. मी लायटर काढून गॅसवर आमटी तापवली आणि त्यांना वाढली.

नाक्यावर मिक्सर-टीव्ही दुरुस्त करणारे एक मेकॅनिक होते, कामणकडच्या शेतकरी घरातले, पन्नाशीचे. त्याच दुपारी मी त्यांना घेऊन आले. त्यांनी पाणी ठेवायला सांगितलं, कान लावून घुरघुर ऐकली आणि म्हणाले, "पंखा चालतोय, थाली फिरतेय, पन गरम करनारा भाग झोपलाय. इथं नाय उघडनार मी. प्लग काढला तरी आत करंट साठलेला असतो. दुकानात नेतो."

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. बाराच्या सुमाराला ते मायक्रोवेव्ह उचलून परत आले. चेहरा गोंधळलेला. "ताई, यात काय बिघाडच नाय. माझ्याकडं तीनदा पानी उकललं."

आमच्या ओट्यावर ठेवून लावला. पाणी गार.

ते स्टुलावर बसले. मला वाटलं, आता हे म्हणणार नवीन घ्या. पण त्यांनी विचारलं ते आईंना. "आजी, हा कधी बंद पडतो? आनि तवा घरात अजून काय होतं?"

आई म्हणाल्या, "दुपारीच. पंखाही तेव्हा हळू होतो. खालचा मसाल्याचा डंक सुरू झाला की शिंका येतात, तेव्हापासून."

खाली तळमजल्याच्या गाळ्यात उन्हाळ्यापुरती मिरची-मसाला कुटायची मशीन चालत असे. सकाळी दहाला सुरू, रविवारी बंद. आत्ताही तिचा दणदणाट येत होता. पंखा हळू होण्याचं आम्हाला कुणालाच नवल नव्हतं, व्होल्टेज आमच्याकडे नेहमीच कमी-जास्त. मेकॅनिकनी व्होल्टेज मोजायच्या मीटरच्या दोन काड्या सॉकेटमध्ये घातल्या. "एकशे साठ. दोनशे तीस पायजे. एवढ्यात दिवा लागेल, थाली फिरेल, पन अन्न तापनार नाय." मग टॉर्च घेऊन ते जिन्याखाली गेले. मीही गेले. मीटरच्या फळीमागे, आमच्या बाजूच्या सगळ्यांना वीज देणाऱ्या जाड तारेचा जोड काळा पडला होता. वरचं प्लास्टिक वितळून ओघळलं होतं. जळका वास मिरचीच्या खकाण्यात कुणाला आलाच नव्हता.

"हात लावू नका," ते म्हणाले. "डंक चालू झाला की सगला भार या जलक्या जोडावर येतो, मग वर वीज पुरत नाय." त्यांनी आधी डंक बंद करायला लावला आणि मग मी वीजमंडळाला फोन केला. चारच्या सुमाराला वायरमन आला. त्याने टॉर्च मारून जोड पाहिला. मग म्हणाला, "बरं झालं बोलावलंत. जिन्याखाली सायकली, रद्दी, सगळं भरलंय." मला त्या जिन्याने वर जाणारे चार मजले आठवले, आणि त्यातल्या एका मजल्यावर दिवसभर एकट्या असणाऱ्या आई.

नवा जोड घालून होईपर्यंत सहा वाजले. डंक पुन्हा सुरू करून पाहिला, पंखा जोरात फिरत राहिला. मी वर आले तेव्हा आई कप आत ठेवून दार लावत होत्या. घंटी वाजल्यावर त्यांनी कप पदराने धरून बाहेर काढला. मी त्यांना पदर सोडायला लावून फडकं दिलं आणि म्हणाले, "माझं चुकलं. तुमचं ऐकायला हवं होतं."

"मलाही शेवटी वाटायला लागलं होतं, की डोळ्यांबरोबर डोकंही गेलं," त्या म्हणाल्या. "तसं नाही, एवढं कळलं, बास."

त्यांनी त्याच पाण्यात चहाची पूड घालायला सांगितली. शुक्रवारी ऑफिसातून मी पाऊण वाजता घरी फोन केला.

"तापलं का, आई?"

"जीभ भाजली," त्या म्हणाल्या. "आता फोन ठेव, निवेल सगळं."